रात्रीतून उतरणारी टाकी : लातूरमधील एका घराच्या नळदुरुस्तीचे प्रकरण

लातूर शहरातील एका निवृत्त शिक्षकांच्या घरी गच्चीवरची एक हजार लिटरची टाकी रात्री दहाला काठोकाठ भरून ठेवली, तरी पहाटे पाचला ती निम्म्याच्या जवळ आलेली असे. रात्री कोणी उठून पाणी वापरलेले नसे, घरातला कोणताही नळ टपकत नसे आणि गच्चीवर किंवा अंगणात ओलही दिसत नसे. गुरुजींच्या पत्नींनी, म्हणजे काकूंनी, मला पहिल्यांदा सांगितले ते असे : "बघा ना, रातच्याला टाकी नुसती उतरायलीय, आन् पानी जायलंय कुठं ते काही कळंना." या एका वाक्यात पूर्ण समस्या आली होती. पाणी कमी होत होते, पण कुठे जात होते ते दिसत नव्हते. आणि घरगुती नळदुरुस्तीत सर्वाधिक पैसा व श्रम वाया जातात ते अशाच, न दिसणाऱ्या गळतीच्या मागे.

मराठवाड्यात हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नसतो. लातूरला मांजरा धरणाचे पाणी येते आणि त्या धरणाने तळ गाठल्यावर 2016 च्या एप्रिलमध्ये शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्यांनी तो उन्हाळा पाहिला, त्यांच्या घरात बादलीभर पाणी सांडले तरी अजूनही कोणीतरी बोलतेच. या घराला महानगरपालिकेचे पाणी आठवड्यातून एकदा मिळते आणि उन्हाळ्यात तो दिवस पुढे सरकतो. मधल्या दिवसांसाठी पाणी जमिनीखालच्या हौदात साठवले जाते, कमी पडल्यास त्यात स्वतःच्या बोअरचे पाणी मिसळले जाते आणि अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटारीने ते गच्चीवर चढवले जाते. पाण्याची ही वाट सुरुवातीलाच नीट सांगण्याचे कारण असे की, या प्रकरणातले सगळे दोष याच वाटेवर, पण एकमेकांपासून दूर असलेल्या ठिकाणी होते.

मी पाहण्यापूर्वी तीन उपाय होऊन गेले होते. प्रथम घरातल्या सर्व नळांचे वायसर बदलण्यात आले. त्याने काही बिघडले नाही आणि काही सुधारलेही नाही, कारण नळ टपकतच नव्हते. नंतर टाकीच्या तळाशी जिथे पाईप जोडला जातो, त्या जोडाभोवती बाहेरून एम-सील लावण्यात आले. तिसरा सल्ला गंभीर होता. न्हाणीघराच्या भिंतीवर खालच्या बाजूला ओल होती, ती पाहून नळकाम करणाऱ्याने भिंतीतला पाईप फुटला असल्याचे निदान केले आणि टाइल्स फोडून तो बदलावा असे सांगितले. हे निदान मूर्खपणाचे होते असे मी म्हणणार नाही. ओल समोर दिसत असताना आणि टाकी उतरत असताना दोहोंची सांगड घालणे स्वाभाविक आहे. मात्र ती सांगड खरी आहे की नाही, हे तपासण्याचा मार्ग उपलब्ध होता आणि त्यासाठी छन्नी-हातोड्याची गरज नव्हती. गुरुजींनी टाइल्स फोडण्याआधी आठवडाभर थांबायचे ठरवले, म्हणून पुढचे सारे शक्य झाले.

आम्ही पहिल्यांदा हातात घेतली ती मोजपट्टी. टाकीचा घेर सुतळीने मोजला तो सुमारे 345 सेंटिमीटर भरला. त्यावरून व्यास 110 सेंटिमीटर आणि आडव्या छेदाचे क्षेत्रफळ साधारण 0.95 चौरस मीटर येते. म्हणजे टाकीतली पातळी एक सेंटिमीटर उतरली की साडेनऊ लिटर पाणी गेले असे समजायचे. हौदाची लांबी अडीच मीटर आणि रुंदी दोन मीटर, म्हणून तिथे एक सेंटिमीटर म्हणजे 50 लिटर. हे दोन आकडे कागदावर लिहून मोटारीच्या स्विचजवळ चिकटवले. टाकी भरल्यावर झाकण उघडून एक सरळ पट्टी काठाला टेकवून पाण्यात सोडायची आणि ओल कुठपर्यंत आली ते पेन्सिलीने टिपायचे, एवढीच पद्धत ठेवली.

पहिल्या रात्री काहीही बंद न करता नोंद घेतली. रात्री दहाला टाकी पूर्ण भरलेली होती. बारा वाजता गुरुजींच्या मुलाने पाहिले तेव्हा पातळी 40 सेंटिमीटर खाली आलेली होती. पहाटे पाचला ती 44 सेंटिमीटर खाली होती. एकूण गेले सुमारे 418 लिटर. परंतु खरी माहिती या बेरजेत नव्हती, तर दोन टप्प्यांतल्या फरकात होती. पहिल्या दोन तासांत 40 सेंटिमीटर आणि पुढच्या पाच तासांत फक्त चार. भिंतीतला पाईप फुटला असता, तर पाणी असेपर्यंत ते साधारण सारख्याच वेगाने गेले असते. पातळी उतरेल तसा दाब किंचित घटतो खरा, पण त्यामुळे धार एकदम जवळपास थांबत नाही. इथे काहीतरी एका ठराविक उंचीवर अचानक तुटत होते आणि त्याच्या जोडीला दुसरे काहीतरी संथपणे चालू राहत होते.

दुसऱ्या रात्री टाकीतून घराकडे जाणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. येथे एक काळजी घेतली, ती घरी करून पाहणाऱ्या प्रत्येकाने घ्यावी. बंद केलेला व्हॉल्व्ह खरोखर बंद झाला आहे की नाही हे न तपासता काढलेला निष्कर्ष निरुपयोगी असतो, कारण जुन्या गेट व्हॉल्व्हच्या खाचेत क्षार आणि गाळ बसलेला असतो आणि चाक घट्ट फिरवूनही पाणी झिरपत राहते. म्हणून व्हॉल्व्ह बंद केल्यावर न्हाणीघरातला सर्वांत खालचा नळ उघडा ठेवला. पाईपमधले शिल्लक पाणी पडून गेल्यावर तो नळ पूर्ण कोरडा झाला, तेव्हाच मोजणीला सुरुवात केली. त्याच वेळी हौदाचीही पातळी टिपून ठेवली. हौदात त्या रात्री पालिकेचे पाणी येणार नव्हते आणि बोअरही बंद होता.

पहाटे टाकी बरोबर 40 सेंटिमीटर उतरलेली होती. हौदातली पातळी साडेसात सेंटिमीटरने वाढलेली होती.

हा आकडा पाहिल्यावर सर्वजण काही क्षण त्या पट्टीकडेच बघत राहिले. 40 सेंटिमीटर म्हणजे 380 लिटर टाकीतून गेले; साडेसात सेंटिमीटर म्हणजे 375 लिटर हौदात आले. पाणी घराबाहेर गेलेच नव्हते. मोटारीने संध्याकाळी चढवलेले पाणी रात्री त्याच पाईपने उलटे उतरून हौदात परत येत होते. मुख्य व्हॉल्व्ह बंद असूनही टाकी तितकीच उतरली, यावरून भिंतीतल्या पाईपचा या मोठ्या घटीशी संबंध नाही हेही एकाच रात्रीत सिद्ध झाले आणि टाइल्स वाचल्या.

उलटे उतरण्याचे कारण टाकीत डोकावल्यावर दिसले. मोटारीचा पाईप टाकीच्या वरच्या कडेवरून आत आला होता. परंतु भरताना पाणी उंचावरून पडण्याचा आवाज होतो म्हणून कोणीतरी त्या टोकाला एल्बो आणि खाली जाणारा पाईपचा तुकडा जोडला होता. त्या तुकड्याचे टोक भरलेल्या पातळीच्या 40 सेंटिमीटर खाली होते. मोटार बंद झाली की हा पाईप पाण्याने पूर्ण भरलेलाच राहतो. एक टोक टाकीच्या पाण्यात आणि दुसरे हौदात, सहा-एक मीटर खाली. डब्यातून रॉकेल काढताना नळी तोंडाने ओढून खाली सोडली की डबा आपोआप रिकामा होऊ लागतो, तीच वक्रनलिकेची क्रिया येथे रोज रात्री घडत होती. पातळी तुकड्याच्या टोकापर्यंत आली की तिथून हवा शिरे आणि प्रवाह तुटे. दोन्ही रात्री मोठी घट 40 सेंटिमीटरच्या खुणेवर थांबण्याचे रहस्य एवढेच होते.

तरीही एक प्रश्न उरतो. मोटार ज्यातून पाणी ओढते त्या हौदातल्या शोषण पाईपच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह असतो आणि पाण्याला फक्त वर जाऊ देणे, खाली परतू न देणे हेच त्याचे काम. तो नीट बसत असता, तर टाकीत पाईप कितीही बुडालेला असला तरी पाणी उलटे फिरले नसते. तो गळतो याची खूण घरात वर्षभर दिसत होती, फक्त तिचा टाकीशी संबंध कोणी लावला नव्हता : मोटार हवा धरत असे. दर दोन-तीन दिवसांनी मोटारीचा बूच काढून तांब्याने पाणी ओतावे लागे, मगच ती पाणी उचले. काकूंनी हे काम इतके अंगवळणी पाडून घेतले होते की, त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितलेही नाही. मोटारीजवळ तांब्या का ठेवला आहे असे विचारल्यावर समजले. घरातल्या बिघाडांची चौकशी करताना 'काय बिघडले' यापेक्षा 'रोज काय करावे लागते' हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते, असे माझे मत या प्रकरणाने पक्के झाले. येथे विजेचे नुकसान फार मोठे नव्हते. खरा धोका मोटारीला होता, कारण पाण्याविना फिरणाऱ्या मोटारीचे सील तापून खराब होते.

दुरुस्तीपैकी टाकीतले काम दहा मिनिटांचे होते. खाली जाणारा तुकडा हॅक्सॉने असा कापला की त्याचे टोक भरलेल्या पातळीच्या चार बोटे वर राहील. आवाज नको असेल, तर तुकडा तसाच ठेवून पाण्याच्या पातळीवर येणाऱ्या भागात एक बारीक छिद्र पाडले तरी हवा आत शिरून उलटा प्रवाह तुटतो; मात्र अशा छिद्रात क्षार साठून ते बुजू शकते आणि बोअरच्या पाण्याचा भरवसा नसल्याने येथे कापणेच पसंत केले.

फूट व्हॉल्व्हचे काम अधिक सावधपणे करावे लागले. मोटारीचा पुरवठा केवळ स्विचवर बंद न ठेवता मुख्य बोर्डावरून तोडला. हौदात कोणीही उतरायचे नाही हे आधीच ठरवले. बंद हौदात प्राणवायू कमी असू शकतो आणि आत उतरलेला माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडू शकतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. अशा दुर्घटना आपल्याकडे वारंवार घडतात, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे. मोटारीजवळचे युनियन (पाईपचा उघडता येणारा जोड) सोडून शोषण पाईप झाकणाच्या तोंडातून सरळ वर ओढला. फूट व्हॉल्व्ह उघडल्यावर रबरी चकतीच्या कडेला हरभऱ्याएवढा खडा रुतलेला आढळला आणि त्या जागी रबर कायमचे दबले गेले होते. खडा काढून तोच व्हॉल्व्ह बसवण्याचा मोह होतो, पण दबलेले रबर पुन्हा सपाट होत नाही, म्हणून एक इंची नवा व्हॉल्व्ह जाळीसह आणला.

बसवताना दोन गोष्टींकडे लक्ष दिले. टेफ्लॉन टेप आट्यांवर गुंडाळताना आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी लागते. उलट गुंडाळल्यास जोड आवळताना ती सुटून बाहेर येते. शिवाय प्लॅस्टिकच्या आट्यांवर पाईप पान्हा लावून लोखंडासारखी ताकद लावायची नसते. हाताने घट्ट बसेपर्यंत आणि त्यानंतर साधारण एक फेरा, एवढे पुरते. त्यापुढे सॉकेटला केसासारखी चीर पडते आणि ती काही दिवसांनी उघडी होते. शोषण बाजूच्या जोडांबाबत हे विशेष महत्त्वाचे, कारण तिथली चीर मोटार चालू असताना पाणी गळून दाखवत नाही, उलट हवा आत ओढते. बाहेरून सगळे कोरडे दिसते आणि मोटार मात्र पाणी सोडते.

तिसऱ्या रात्री मुख्य व्हॉल्व्ह उघडा ठेवून मोजले. हौदाची पातळी जागची हलली नाही. टाकी मात्र साडेपाच सेंटिमीटर उतरली.

घरच्यांना वाटले, चार सेंटिमीटरची गळती वाढून साडेपाच झाली. तसे नव्हते. पहिल्या रात्री खुणेखालचे चार सेंटिमीटर हे बारा ते पाच या पाच तासांतले होते. सुरुवातीच्या दोन तासांत ही दुसरी गळती मोठ्या घटीच्या आड लपलेली होती. पाच तासांत 38 लिटर म्हणजे तासाला साडेसात लिटरच्या वर, आणि सात तासांत 53 लिटर, म्हणजेच साडेपाच सेंटिमीटर. आकडे जुळले, याचा अर्थ गळती तीच होती आणि आता ती एकटी उरली होती.

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा इथे आहे. चारशे लिटरची घट सगळ्यांना दिसत होती, तिच्यासाठी भिंत फोडण्याची तयारी झाली होती, आणि ते पाणी हौदात सुरक्षित होते. तासाला साडेसात लिटरची गळती कोणाच्या लक्षातही आली नव्हती, आणि खरे पाणी तिथून जात होते. दिवसाला सुमारे 180 लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी दिवसाला 135 लिटर हे प्रमाण धरले जाते. म्हणजे या घरात कोणालाही न दिसणारा एक जास्तीचा माणूस पाणी वापरत होता. दोन पालिका-पाण्यांमधल्या सात दिवसांत ही गळती गच्चीवरच्या एका भरलेल्या टाकीपेक्षा अधिक होते.

मुख्य व्हॉल्व्ह बंद केल्यावर ही गळती थांबत होती, त्यामुळे ती घराच्या बाजूला होती हे उघड होते. नळ कोरडे होते, म्हणून पहिला संशय संडासाच्या फ्लश टाकीवर घेतला. जिलेबीत घालतात तो खाण्याचा रंग चमचाभर पाण्यात कालवून फ्लश टाकीत ओतला आणि अर्धा तास कोणी फ्लश ओढायचा नाही असे ठरवले. हळद वापरण्याचा विचार घरात निघाला होता, पण हळद पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसते आणि चिनी मातीवर डाग ठेवते. वीस मिनिटांत भांड्याच्या मागच्या बाजूने केशरी रंगाचा पातळ पापुद्रा खाली उतरताना दिसला. पांढऱ्या पृष्ठभागावरून पसरून वाहणारे स्वच्छ पाणी नजरेला दिसत नाही आणि त्याचा आवाजही होत नाही. रंगाने ते दिसू लागले.

रंग भांड्यात उतरला तरी दोष कुठे आहे हे अद्याप ठरले नव्हते. फ्लश टाकीतून पाणी दोन वाटांनी जाऊ शकते : तळाचा वायसर नीट बसत नसल्याने, किंवा वरच्या फ्लोटचा झडप बंद होत नसल्याने पाणी चढून ओव्हरफ्लो नळीत पडत असल्याने. हे वेगळे करण्यासाठी फ्लशला पाणी देणारा अँगल कॉक (भिंतीजवळचा छोटा नळ) बंद केला आणि आतल्या पातळीवर पेन्सिलीची रेघ मारली. तासाभरात पाणी रेघेखाली बरेच उतरले, म्हणजे दोष तळाच्या वायसरचा. पातळी रेघेवरच थांबली असती तर फ्लोट दुरुस्त करावा लागला असता. एक सूचना : वर्षानुवर्षे न फिरवलेला अँगल कॉक क्षारांनी अडकलेला असतो. तो झटक्याने फिरवू नये, थोडा पुढे-मागे करत मोकळा करावा. भिंतीतल्या आट्यांसकट तो तुटला तर आठवड्याच्या पाण्याच्या घरात मोठाच प्रसंग ओढवतो.

वायसर काढून पाहिला तेव्हा तो फाटलेला नव्हता. त्याच्या खाली, ज्या कडेवर तो बसतो त्या कडेवर क्षारांचा खरखरीत पांढरा थर होता. नखाने खरवडला तर भुकटी निघत होती. हा बोअरच्या पाण्याचा परिणाम. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातून येणारे पाणी अनेक ठिकाणी जड (कठीण), म्हणजे अधिक क्षारांचे, असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालवून घेतले जाते; फ्लशमध्ये साठून राहणाऱ्या जड पाण्यातले क्षार रबर आणि कडा यांच्यामध्ये हळूहळू बसतात. थर काढण्यासाठी कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून ते फडक्याने कडेवर तासभर ठेवले. बुडबुडे येऊन थर मऊ झाला आणि जुन्या दातघासणीने निघाला. संडास धुण्याचे ॲसिड ओतले की काम लवकर होते, पण ते रबर आणि आतले धातूचे स्क्रू खाते. आणि तेच ॲसिड ब्लीचिंग पावडरच्या संपर्कात आले तर क्लोरीन वायू सुटतो, जो बंद संडासात जिवावर बेतू शकतो. नवा वायसर काही रुपयांचा होता. तो बसवून रंगाची चाचणी पुन्हा घेतली. भांडे पांढरेच राहिले.

भिंतीच्या ओलीचा उलगडा त्यामानाने साधा होता. न्हाणीघरातल्या खालच्या दोन ओळींच्या टाइल्समधली भर निघून गेली होती आणि अंघोळीचे पाणी तिथून आत मुरत होते. खाचा खरवडून, दोन दिवस वाळू देऊन पुन्हा भरल्या. पाईप फुटल्याची ओल असती तर न्हाणीघर न वापरताही ती वाढत राहिली असती. दोन दिवसांत ती फिकी पडली.

हौदाचे झाकण उघडे असतानाच आणखी एक गोष्ट नजरेस आली होती, आणि तिच्याबद्दल मला गुरुजींशी थोडे आग्रहाने बोलावे लागले. पालिकेच्या नळाचा पाईप हौदात थेट तळापर्यंत नेलेला होता. टाकीत जे घडत होते, तेच येथेही घडू शकत होते, फक्त उलट टोकाला सार्वजनिक वाहिनी होती. पाणी रोज येत नाही तिथे पुरवठा थांबल्यावर रस्त्याखालची वाहिनी रिकामी होत जाते आणि तिच्यात हवेचा दाब कमी पडतो. अशा वेळी ज्या घरांचे नळ साठवलेल्या पाण्यात बुडालेले असतात, त्या घरांतले पाणी वाहिनीत ओढले जाऊ शकते. बोअरचे पाणी मिसळलेला, झाकण नीट न बसणारा हौद असेल, तर त्यातले काय गल्लीच्या पाण्यात जाईल ते सांगता येत नाही. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढणारे शेजारी असतील तर ही ओढ आणखी वाढते. गुरुजींचे म्हणणे असे होते की, टोक खाली ठेवले की दाब कमी असतानाही पाणी लवकर येते. ते पूर्ण खरे नाही : पाईप हौदाच्या वरच्या भागातून आत येत असल्यामुळे पाण्याला तिथपर्यंत चढावेच लागते, आणि हौद भरत आला की बुडालेल्या टोकाने काहीच लाभ होत नाही. आकृती काढून दाखवल्यावर त्यांनी मान्य केले आणि तो पाईपही भरलेल्या पातळीच्या वर कापण्यात आला.

त्यानंतरच्या आठवड्यात, पालिकेचे पाणी येण्याच्या आदल्या दोन रात्री, टाकी आणि हौद दोन्हींची पातळी पुन्हा मोजली. टाकीत पट्टीवर वाचता येईल असा फरक नव्हता आणि हौदही स्थिर होता. मोटारीने तांब्याभर पाणी न ओतता पहिल्याच झटक्यात पाणी उचलले. फ्लशच्या कडेवरचा थर दर सहा महिन्यांनी पाहायचा असे ठरले असून ती तारीख काकूंनी स्विचजवळच्या त्याच कागदावर, दोन आकड्यांच्या खाली लिहून ठेवली आहे.